नक्षीच्या पानाची आमरी आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका ताईंनी मार्चमध्ये ऑनलाइन 'जंगली ज्वेल ऑर्किड' मागवली. पानं काळपट मरून, मखमलीसारखी, त्यांवर तांबूस उभ्या रेघा. महिनाभर छान होती. मग कडा कुरकुरीत झाल्या, खालची दोन पानं गळाली आणि आता मातीलगतचं खोड बोटाला मऊ लागतंय. कुंडी पूर्वेच्या बाल्कनीत, हिरव्या जाळीखाली, पाणी रोज. त्या विचारतात : हे वाचेल का? जंगलातलंच झाड आहे, तर मागच्या अंगणात आंब्याखाली जमिनीत लावून टाकू का? आणि मागच्या पावसाळ्यात पेंचच्या बाजूला अशाच नक्षीच्या पानाची, जमिनीला चिकटलेली आमरी (म्हणजे ऑर्किडच) दिसली होती. ती तर आपल्या हवेला सरावलेली असणार, मग तीच आणून लावली तर?

ताई, आधी कुंडी आत घ्या. बाकीचं वाचन नंतर.

तुमच्या वर्णनावरून ही लुडिसिया डिसकलर आहे. मूळ गाव दक्षिण चीन, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, तिथून खाली मलेशिया-इंडोनेशियापर्यंत. ज्वेल ऑर्किड हे काही एका झाडाचं नाव नाही. फुलांपेक्षा पानांसाठी पाळतात अशा जमिनीवर सरपटणाऱ्या आमऱ्यांचा तो गोतावळा आहे, आणि त्यात लुडिसिया सगळ्यांत सोशिक. म्हणून आशा आहे. याच गोतावळ्यातली नाजूक मॅकोडिस किंवा अ‍ॅनेक्टोचिलस असती तर मी तुम्हाला सांत्वनाचं पत्र लिहिलं असतं.

आता हात धुऊन बसा. कुंडी आडवी करून झाड हळूच सोडवा. ओढू नका, याचं खोड काकडीसारखं रसरशीत असतं आणि तसंच कटकन मोडतं. मुळं साध्या पाण्यात हलवून माती काढा. चांगलं मूळ जाडसर, लव असलेलं आणि दाबल्यावर टणक लागतं. सडलेलं मूळ चिमटीत धरलं की साल हातात येते आणि आत दोरा उरतो. असली मुळं सगळी कापा. मग खोड पाहा. उसाच्या कांडीसारखी त्याला पेरं असतात आणि प्रत्येक पेरावर एक डोळा. मऊ भागाच्या वरून, एक निरोगी पेर सोडून, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने काप घ्या आणि कापलेला गोल नीट न्याहाळा. मधे किंवा कडेला चहाच्या डागासारखं तपकिरी कडं दिसलं, तर पुन्हा ब्लेड पुसा आणि अर्धा इंच वर कापा. स्वच्छ, ओलसर, फिकट गोल दिसेपर्यंत वर जायचं. इथे जीव तुटतो, माहीत आहे. पण तपकिरी कडं ठेवून लावलेलं झाड आठवड्यात पुन्हा हातात येतं, हे मी एवढ्या वेळा पाहिलंय की आता दया दाखवत नाही.

कापलेल्या तोंडावर स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड लावा. फक्त तोंडावर, मुळांवर नको, ती मुळं सुकवते. सावलीत चार-पाच तास कोरडं होऊ द्या. खालचा भाग टाकण्याआधी त्याचीही पेरं तपासा. पान नसलेल्या, पण टणक असलेल्या दोन-तीन पेरांच्या तुकड्यातूनही डोळा फुटतो. लुडिसिया एवढी जगभर पसरली ती याच गुणावर.

लावायचं मातीत नाही. स्फॅग्नम मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, भिजवून मुठीत घट्ट पिळा, एक थेंबही गळू नये. एखादी रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, तळाशी लोणारी कोळशाचे तुकडे, वर हे मॉस, आणि खोड त्यावर आडवं ठेवा, अर्धं आत, अर्धं बाहेर. आपण सवयीने रोप उभं खोचतो. ही जंगलातही पालापाचोळ्यावर आडवी पडून पुढे सरकते, फक्त टोक वर उचलते. झाकण ठेवायचं, पण बोटभर फट राहू द्या. खत, टॉनिक, हळदीचं पाणी, काहीही नको. तीन ते सहा आठवड्यांत पेरापाशी पांढरट, लव असलेला कोंब दिसला की ते मूळ. तोपर्यंत रोज उकरून पाहायचं नाही.

आता, हे झालं का? तुम्हाला कोड्यासारखं वाटत असेल की कडा वाळल्या म्हणजे पाणी कमी, खोड सडलं म्हणजे पाणी जास्त, मग एकाच झाडाला दोन्ही कसं? माझी पहिली लुडिसिया याच कोड्यात गेली. कडा वाळताना पाहून मी पाणी वाढवलं आणि तिला वरून वाळवलं, खालून बुडवलं.

हिशोब हवेचा आहे. हवा कोरडी आणि गरम असली की पानातलं पाणी ओढून घेते. आपल्याकडे मेच्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता ही काही फार वाईट दुपार नव्हे. त्या हवेची ओढ आणि तिच्या मूळ जंगलातल्या २६ अंश, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेची ओढ यांचं गणित मांडलं, तर आपली ओढ जवळजवळ दहापट निघते. दहापट! हिची मुळं थोडी, आखूड, नेहमी ओलसर पाचोळ्यात लोळणारी. ती एवढं पाणी वर पोचवूच शकत नाहीत, कुंडीत तळं केलं तरी. उलट तळं केलं की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून सडतात, आणि होतं तेवढं पाणी खेचणंही बंद पडतं. पानं आणखी वाळतात. आपण आणखी पाणी घालतो. हिरवी जाळी ऊन अडवते, पण जाळीखालची हवा तीच असते, गच्चीवरून आलेली भाजकी.

म्हणून नागपुरात या झाडाला पाणी कुंडीत घालण्याआधी हवेत घालावं लागतं. आणि ते काम आपल्या घरात एक यंत्र आधीच करतंय. कूलर.

बाहेरगावचे लोक ज्वेल ऑर्किडसाठी ह्युमिडिफायर विकत घेतात. आपल्याकडे होळी झाली की ताट्या बदलून कूलर लागतो आणि थेट मृगापर्यंत घरघरत असतो. बाहेर ४२ असताना कूलरची खोली २८-३० वर येते आणि आर्द्रता साठच्या पुढे जाते. मी तीन-चारशे रुपयांचा छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, टेबलाखाली ठेवून हे उन्हाळाभर लिहून काढलं होतं. घरात जिथे माणसाला जेवल्यावर पेंग येते, तीच जागा हिची. पण झोतात नाही. सरळ झोतात ठेवलं तर ओली हवासुद्धा पान वाळवते. कूलरपासून सात-आठ फुटांवर, झोताच्या बाजूला, टेबलाखाली किंवा कपाटाच्या आडोशाला ठेवा. उजेड एवढा असावा की तिथे बसून दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येईल. यापेक्षा जास्त उजेडाने काही मिळत नाही. उन्हात लुडिसियाची मरून पानं विटकरी होत जातात आणि रेघा पुसट होतात, जुन्या पैठणीसारख्या.

दोन धोके मात्र कूलरच्याच पोटात आहेत. एक, टाकीतलं पाणी झाडाला घालायचं नाही. 'थंड पाणी आहे, वाया का घालवा' म्हणून माझ्या सासूबाई घालत असत. कूलरमध्ये शुद्ध पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ताट्यांवर ती पांढरी खरपुडी बसते ना, तीच टाकीत विरघळलेली असते. मेअखेरीस ते पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही जड असतं. बोअरचंही नकोच. मखमली पानावर त्याचे ठिपके बसले की पुसून निघत नाहीत, आणि मुळांची टोकं जळतात. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम, पहिल्या दोन पावसांची धूळ जाऊ देऊन धरलेलं. ते संपलं की आरओचं किंवा एसीच्या नळीतून ठिबकणारं. दुसरा धोका लाइन जाण्याचा. भर दुपारी दोन तास लाइन गेली की कूलरच्या खोलीची भट्टी व्हायला वेळ लागत नाही. बरणीत असलेलं झाड हे निभावून नेतं, उघड्या कुंडीतलं मान टाकतं. म्हणून नागपुरात दोन्ही : कूलरची खोली, आणि तिच्यात बरणी.

बरणीची युक्ती नवी नाही. १८२९च्या सुमारास लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांनी बंद बाटलीत पतंगाच्या कोशावर नजर ठेवता ठेवता तळच्या मातीतून नेचा उगवलेला पाहिला, आणि त्यातून काचेची बंद पेटी निघाली. पुढे त्याच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं समुद्रमार्गे भारतात आली. आत उडालेलं पाणी काचेवर जमतं आणि खाली उतरतं, एवढंच तिचं शास्त्र. पण बरणीवर ऊन पडता कामा नये, अगदी सकाळचं कोवळंसुद्धा. माझी एक मॅकोडिस मी एका एप्रिलमध्ये, खोली झाडताना, दहा मिनिटांसाठी म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. दाराची घंटा वाजली, कोणीतरी आलं, चहा झाला. परत आले तेव्हा आत शिजवलेला पालक होता.

त्या मॅकोडिसबद्दल जरा सांगते, कारण तुम्ही एकदा लुडिसिया जगवली की पुढची उडी तिथेच मारणार. मॅकोडिस पेटोला : गडद हिरव्या पानावर सोनेरी शिरांचं जाळं, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की जाळं चमचमतं. पानाच्या वरच्या थरातल्या पेशी सपाट नसून बारीक फुगीर असतात, त्या उजेड गोळा करून परत फेकतात. मखमल वाटते तीही त्यामुळेच. नाव आपल्या ओळखीचं आहे. मलय बेटांवर नक्षीच्या रेशमी कापडाला पेटोला म्हणत, आणि ते कापड म्हणजे गुजरातहून जहाजांनी जाणारा आपला पटोला. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या रम्फियसने या पानाला तेच नाव दिलं. श्रीलंकेत अ‍ॅनेक्टोचिलसला वनराजा म्हणतात. भाषांतराची गरज नाही. दिसायला सगळ्या एका पेठेतल्या, स्वभावाने नाहीत. लुडिसिया १४-१५ अंशांपर्यंत कुरकुर करत नाही, मॅकोडिसला १८च्या खाली उतरलेलं चालत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-दहा अंश होतात, तेव्हा दोघींनाही खिडकीपासून दूर, घराच्या मधल्या खोलीत ठेवा आणि पाणी निम्म्याहून कमी करा. हातात घेऊन कोमटसर वाटेल असंच घाला.

आंब्याखाली लावायचं म्हणता, तर नको. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी चिकट, मुळाला श्वास नाही. उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा. हिला माती लागतच नाही, पाचोळा लागतो. मॉसमधून पुढे कुंडीत हलवाल तेव्हा नारळाच्या सोडणाचे तुकडे, कुजलेला पाला आणि थोडं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), उथळ पसरट कुंडीत. खोल कुंडीचा खालचा निम्मा भाग मुळांशिवाय ओला राहतो आणि तिथूनच कुजायला सुरुवात होते. कोकोपीट वापरणारच असाल तर दोन-तीनदा धुऊन घ्या, बाजारातल्या वड्यांत मीठ असतं. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी तर आपल्याकडे संत्र्या-कपाशीपासून सगळ्यांना ओळखतात. पानांच्या बगलेत कापसासारखं काही दिसलं की स्पिरिटमध्ये बुडवलेली कानाची काडी, संपलं. ऑगस्टमध्ये कूलर बंद, हवा आपोआप दमट. तेव्हा झाकण काढून टाका आणि पंख्याचा मंद वारा खोलीत फिरू द्या, नाहीतर तेव्हा बुरशी येते. संध्याकाळी पानांवर फवारा कधीच नको, रात्रभर पाणी बगलेत साचून राहतं.

'जंगली' या शब्दाबद्दल. विक्रेत्याने तो हौसेने लिहिला असेल. लुडिसिया काडीवर आणि प्रयोगशाळेत इतकी सहज वाढते की जंगलातून उपटून विकणं परवडतही नाही. तरीही पार्सलचा फोटो काढला असेल तर पाहा. रोपवाटिकेतलं रोप मॉस किंवा कोकोच्या गड्डीत येतं, पानं सारखी. उपटलेलं रोप असलं तर जुनं मोडकं खोड, किड्यांनी खाल्लेली पानं, मुळांत अडकलेला खरा जंगलचा पाला, आणि एकाच पार्सलमध्ये लहानमोठी झाडं. अ‍ॅनेक्टोचिलसच्या बाबतीत हे जास्त तपासा, कारण चीन-तैवान-व्हिएतनामकडे तिला औषध म्हणून एवढी मागणी आहे की जंगलं खरवडली गेली. ठिपक्याठिपक्यांच्या पानांची 'लेडीज स्लिपर' कोणी स्वस्तात देऊ केली तर सरळ नाही म्हणा. पॅफिओपेडिलम, म्हणजे या लेडीज स्लिपर, ही सगळी प्रजात आपल्या वन्यजीव कायद्यातल्या संरक्षित वनस्पतींत येते, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी सर्वांत कडक यादीत. तिची व्हिएतनामी जात १९९९ मध्ये शास्त्राला कळली, आणि काही वर्षांतच जंगलात जवळपास उरली नाही. गोळा करणाऱ्यांनी जंगल उपसून नेलं.

यावरूनच तुमच्या पेंचच्या आमरीकडे येते.

जमिनीला टेकलेलं एकच पान, गोलसर बदामी, चुण्याचुण्यांचं, अंगावर बारीक लव, शिरांमधे जांभळट-तपकिरी डाग. असंच होतं ना? तर ती नर्विलिया, बहुधा नर्विलिया प्लिकाटा. नाव लॅटिन 'नर्वस' म्हणजे शीर यावरून. साग-बांबूच्या पाचोळ्यात ते पान एवढं मिसळून जातं की दहा पावलांच्या आत दोन माणसं त्यावरून गेलेली मी पाहिलीत, एक त्यातला वाटाड्या होता. आपल्याकडे आमरी म्हटलं की लोकांना आंब्या-मोहावरची रास्ना आठवते, तिलाही बिचारीला बांडगूळ म्हणून तोडतात. बांडगूळ झाडाचा रस पितं, रास्ना फक्त फांदीवर बसते. नर्विलिया तर जमिनीची, तिच्याकडे कोणी पाहतही नाही.

तुम्ही म्हणता ती आपल्या हवेला सरावलेली असणार. सरावलेली आहे, पण कशी ते बघा. तिने नागपूरचा उन्हाळा सोसायची विद्या शिकलेलीच नाही. ती उन्हाळ्यात नसतेच. पावसाळा सरला की पान पिवळं पडून विरून जातं आणि मागे जमिनीत सुपारीएवढा किंवा त्याहून लहान कंद राहतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, वर तापत असतो तेव्हा ही खाली, अंधारात, बिनपानांची. पहिल्या सरींच्या आसपास जमिनीतून नुसता फुलाचा दांडा येतो, पान नाही. काही दिवसांत फूल संपतं, आणि त्यानंतर पान उलगडतं. त्या एका पानाने तीन-चार महिन्यांत वर्षाची कमाई करायची आणि पुन्हा तळघरात जायचं.

लुडिसियाकडे हे तळघर नाही. तिला कंद नाही, झोपायची सवय नाही, बारा महिने पानं अंगावर. म्हणून तिच्यासाठी ते तळघर आपण बांधायचं, बरणीचं आणि कूलरचं. आणि नर्विलियाला तिच्या तळघरातून काढलं तर तिच्यासाठी आपण काहीच बांधू शकत नाही. तिचा कंद तिथल्या मातीतल्या बुरशीशी व्यवहार ठेवून असतो. आमरीचं बी धुळीइतकं बारीक, त्यात शिदोरी नसते. योग्य बुरशीने धागा आत घालून भरवलं तरच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने हे १८९९ मध्ये ओळखलं. तो बुरशीचा धागा तुमच्या कुंडीत येत नाही. आणलेला कंद पहिल्या वर्षी साठवणीवर एखादं छोटं पान काढतो, आपल्याला वाटतं जमलं, आणि दुसऱ्या जूनमध्ये कुंडी रिकामी. शिवाय अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून पान-मूळ काहीही उचलणं गुन्हा आहे, आणि बाहेरच्या राखीव वनातही परवानगीशिवाय वनोपज नेता येत नाही. तो कंद तिथेच राहू द्या.

पाहायला मात्र जरूर जा. जुलैअखेर ते ऑगस्ट हा पानांचा काळ. फूल हवं असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतरचे दहाएक दिवस. ते सापडणं नशिबाचं, मला इतक्या वर्षांत दोनदाच सापडलं. वाटेवरूनच वाका, पाचोळा हाताने सारू नका, त्याखाली अजून न उलगडलेली पानं असतात आणि ती मोडली तर कंदाचं ते वर्ष गेलं. फोटो वरून एक आणि पानाच्या पातळीवरून एक घ्या. पानाशेजारी सुका दांडा उभा असला तर त्याचाही घ्या, फूल कधी येऊन गेलं ते त्यावरून सांगता येतं.

आणि बरणीतल्या खोडाचा फोटो सहा आठवड्यांनी पाठवा. पानं पाठवू नका, ती तोपर्यंत रुसलेलीच दिसतील. पेराचा जवळून काढा.